मॉरिशस बेटातील माणसे आणि त्यांची मोजणी



आफ्रिका खंडातील एखाद्या देशाचे नाव काढले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. घनदाट अरण्य, त्यात नांदणाऱ्या निरनिराळ्या जमाती, त्यांचे पिढीजात राजे आणि त्यांच्या डोक्यावर शे-दीडशे वर्षे बसून गेलेले गोरे अंमलदार. भूगोलाचा शिक्षक म्हणून छत्तीस वर्षे मीही खडूने फळ्यावर तेच चित्र काढीत आलो. परंतु त्याच खंडाच्या देशांत गणला जाणारा एक देश असा आहे की, जेथे मूळचा रहिवासी म्हणून कोणीच नाही. जेथे गणेशचतुर्थीला सरकारी कचेऱ्या बंद असतात. आणि जेथे मराठी माणसांची सहावी-सातवी पिढी आज सुखाने नांदत आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस हा तो देश होय. तेथील लोकसंख्या कशी बनली, तिचे निरनिराळे भाग कोणते आणि ते भाग मोजण्याच्या कामी तेथे कोणता पेच उत्पन्न झाला, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे. हा पेच केवळ तेथील नाही. अमरावती-अकोल्याच्या आपल्या उंबरठ्यावरही तो उभा आहे, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

प्रथम आकाराचा अंदाज घेऊ. मॉरिशस हे बेट मादागास्करच्या पूर्वेस आहे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून ते सुमारे दोन हजार किलोमीटर दूर पडते. रॉड्रिग्ज वगैरे लहान बेटे धरून देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर भरते. म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्याचा सहावा हिस्सा. २०२२ सालच्या शिरगणतीत तेथे १२ लाख ३५ हजारांच्या आसपास माणसे मोजली गेली. आपल्याकडील २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची वस्ती जवळजवळ १२ लाख, अकोल्याची १८ लाखांवर आणि अमरावतीची सुमारे २९ लाख होती. तेव्हा वाशीम जिल्ह्याएवढी माणसे, पण त्यांना स्वतःचे निशाण, स्वतःचे विधिमंडळ आणि स्वतःचा परराष्ट्रमंत्री, अशी कल्पना केली म्हणजे या देशाचे माप आपल्या हाती येते. दाटी मात्र फार. अमरावती जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरात सुमारे २३७ माणसे राहतात, तेथे ती सहाशेंच्या घरात जातात.

ही सारी माणसे आली कोठून? अरबी खलाशांना हे बेट ठाऊक होते, पोर्तुगीज गलबते सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे पाण्यासाठी थांबत. परंतु वस्ती कोणीही केली नाही. १५९८ साली डच तेथे उतरले व त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला मॉरिशस हे नाव दिले. १६३८ पासून त्यांनी वसाहत मांडली, जावा बेटातून ऊस आणून लावला, डोडो नावाचा न उडणारा पक्षी नामशेष होण्याला हातभार लावला आणि १७१० साली कंटाळून ते निघून गेले. मागे राहिला तो ऊस. पुढल्या सर्व इतिहासाचे बीज त्या उसाच्या पेरात होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१७१५ साली फ्रेंचांनी बेटावर आपला हक्क सांगितला व १७२१ पासून तेथे वस्ती केली. १७३५ साली माहे द ला बूर्दोने हा कर्तबगार गव्हर्नर आला. त्याने पोर्ट लुई बंदर उभारले. बंदर, गोद्या, रस्ते आणि उसाचे मळे यांसाठी माणसांचे हात हवे होते. ते हात विकत आणले गेले. मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा येथून गुलामांची जहाजे भरभरून येऊ लागली. थोडे गुलाम भारतातूनही नेले गेले आणि पाँडिचेरीकडून काही सुतार-गवंडी मोकळे कारागीर म्हणून गेले. म्हणजे तेथील पहिले भारतीय हे मजूर नसून कारागीर व गुलाम होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्या दख्खनलाही आफ्रिकेतील गुलाम ठाऊक होते. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हा मूळचा हबसाणातील, गुलाम म्हणून विकला गेलेला. १६२६ साली तो मरण पावला तेव्हा एका राज्याचा आधारस्तंभ म्हणून मरण पावला. दख्खनमध्ये गुलामाला तलवार मिळाली आणि तलवारीच्या जोरावर त्याला वर चढता आले. मॉरिशसमध्ये त्याला मिळाला तो उसाचा कोयता. कोयत्याने कोणी वजीर होत नाही. ज्यांना हे जिणे असह्य झाले ते पळून डोंगरात दडून राहत. ल मोर्न नावाचा समुद्रकाठचा उभा कडा हे अशा फरारी गुलामांचे आश्रयस्थान होते आणि २००८ साली त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली.

निरनिराळ्या बोली बोलणाऱ्या या माणसांना एकमेकांशी आणि फ्रेंच मालकांशी बोलण्यासाठी एक समाईक भाषा हवी होती. फ्रेंच शब्दांना आफ्रिकी वळण लागून ती तेथेच जन्मली. तिला क्रिओल म्हणतात. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून वा मादागास्करहून आले, त्या बहुतेक कॅथॉलिक ख्रिस्ती समाजालाही क्रिओल हेच नाव आहे. रॉड्रिग्ज बेटावर तर बहुतेक सर्व वस्ती याच समाजाची आहे.

१८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. परंतु तहात त्यांनी फ्रेंच रहिवाशांची भाषा, धर्म, कायदे आणि मालमत्ता यांना हात न लावण्याचे वचन दिले. म्हणून राज्य इंग्रजांचे, पण मळे फ्रेंचांचे आणि संभाषण फ्रेंच व क्रिओलमध्ये, असा विलक्षण देखावा तेथे निर्माण झाला. आजही फ्रेंच वंशाचे लोक शंभरात दोनच्या आसपास असतील, परंतु साखरेच्या धंद्यात व जमीनजुमल्यात त्यांचे वजन त्यांच्या संख्येहून कितीतरी मोठे राहिले आहे.

पुढे १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक माणसे मोकळी झाली. मालकांना सरकारने नुकसानभरपाई दिली. ज्यांचे आयुष्य हिरावले गेले होते त्यांना दमडीही मिळाली नाही. मोकळे झालेले लोक मळ्यांकडे पाठ फिरवून समुद्रकाठी मासेमारीला किंवा शहरात हातकामाला गेले, आणि उसाला पुन्हा हात हवे झाले.

ते हात आता आपल्या देशातून गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. हे पहिले मजूर छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातील होते. कराराची मुदत पाच वर्षे, पगार महिन्याला पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याचा रिवाज होता. कराराचा आंग्ल शब्द मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला आणि मजूर ‘गिरमिटिया’ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही भरती थांबली. तोवर सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली होती. काही परतली, बहुतेक तेथेच राहिली. १८७१ च्या शिरगणतीपर्यंत बेटावरील तीन माणसांत दोन भारतीय वंशाची, असे प्रमाण झाले होते. बंदरात उतरल्यावर ज्या दगडी पायऱ्या चढून मजूर आत जात, त्या आजही जपून ठेवल्या आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात व २००६ साली तिचीही जागतिक वारसास्थळांत नोंद झाली.

श्रोतेहो, येथे क्षणभर आपल्या वऱ्हाडाकडे वळू. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. अकोला, अमरावती, खामगाव येथे सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागून मारवाडी आले, गुजराती व कच्छी व्यापारी आले, आसपासच्या प्रांतांतून मजूर आले. बैलांच्या तांड्यांवर माल वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा आगगाडीने बुडवला आणि ते तांडे ठोकून शेतीवर स्थिरावले. तिकडे ऊस आणि इकडे कापूस. एका पिकाने समुद्रपार एक नवे राष्ट्र घडवले, दुसऱ्याने आपल्या गावांची आणि पेठांची घडण बदलून टाकली. लोकसंख्येचा इतिहास राजांच्या लढायांपेक्षा पिकांच्या भावांत अधिक खरा सापडतो, असे मला वाटते ते यामुळेच.

आता मॉरिशसला गेलेल्या भारतीयांत भेद कोणते, ते पाहू. मजूर तीन बंदरांतून गेले. सर्वांत अधिक कलकत्त्याहून; हे बहुतेक बिहार व पूर्वेकडील भोजपुरी मुलखातले. त्यांच्या खालोखाल मद्रासकडून तमिळ व तेलुगू. आणि सर्वांत थोडे मुंबईहून; यांत रत्नागिरी, सातारा वगैरे भागांतील मराठी माणसे होती. ज्या बंदरातून निघाला ते बंदर हीच माणसाची जात ठरली. तेलुगू मजूर कोरिंगा बंदरावरून कोरिंगी झाले आणि आपली मराठी माणसे मुंबईवरून ‘बोंबाय’ झाली. रत्नागिरीचा कुणबी आणि साताऱ्याचा मराठा हे भेद आगबोटीतच विरत गेले आणि बेटावर उतरेपर्यंत एक नवा समाज तयार झाला. आडनावांचीही तीच गत. गोदीवरच्या कारकुनाने मजुराचे किंवा त्याच्या बापाचे जे नाव कानाला लागेल तसे लिहिले, तेच पुढे सर्व वंशाचे आडनाव बनले. या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या असून आपल्या पूर्वजाचे गाव शोधण्यासाठी तेथील लोक आजही त्या चाळतात.

भारतीयांत मुसलमानही होते. त्यांतील बहुतेक मजूर म्हणून गेलेले व भोजपुरी बोलणारे. थोडे गुजरात-कच्छकडील व्यापारी. त्याखेरीज दक्षिण चीनमधून आलेले दुकानदार. गावोगावी त्यांची किराणा मालाची दुकाने असत आणि पीक निघेपर्यंत ते मजुरांना उधारीने माल देत. आज त्यांचे प्रमाण शंभरात तीनच्या आत-बाहेर आहे.

सर्वांची गोळाबेरीज अशी. २०२२ च्या शिरगणतीत धर्मावरून पाहता शंभरात सुमारे ४८ हिंदू, ३२ ख्रिस्ती आणि १८ मुसलमान आढळले. मराठी मूळ सांगणारे लोक शंभरात दोनच्या आसपास धरतात. वंशावरून पाहता तीन माणसांत दोन भारतीय मूळची आणि चारांत एक किंवा किंचित अधिक क्रिओल, असा अंदाज सामान्यतः देतात. अंदाज असे मी मुद्दाम म्हणतो. कारण वंशावरून किंवा समाजावरून मोजणी त्या देशात १९७२ नंतर झालेलीच नाही. ती का झाली नाही, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. दांडीयात्रेच्या प्रारंभाचीच ही तिथी. सर शिवसागर रामगुलाम हे पहिले पंतप्रधान झाले. परंतु स्वातंत्र्य जवळ येताच लहान समाजांच्या मनात भीती होती की, बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होणार? त्याच वर्षाच्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये क्रिओल व मुसलमान यांच्यात रक्तपात झाला होता. ही भीती शमविण्यासाठी राज्यघटनेत एक योजना घातली गेली. निवडणुकीत ६२ सभासद लोकांनी निवडावयाचे. नंतर विधिमंडळात ज्या समाजाला संख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या असतील, त्या समाजातील पराभूत उमेदवारांपैकी सर्वांत चांगली मते मिळविणाऱ्यांना जास्तीत जास्त आठ जागा द्यावयाच्या. यासाठी घटनेने नागरिकांचे चार समाज पाडले. हिंदू, मुसलमान, चिनी मूळचे, आणि चौथा ‘सर्वसाधारण जनता’. या चौथ्याची व्याख्या मोठी चमत्कारिक आहे. राहणीवरून जो पहिल्या तिघांत मोडत नाही, तो चौथ्यातला! त्यामुळे साखर कारखान्याचा फ्रेंच वंशाचा मालक आणि त्याच्या पूर्वजांनी विकत घेतलेल्या गुलामाचा पणतू हे दोघे कागदावर एकाच समाजाचे झाले. आणि तमिळ, तेलुगू, मराठी व भोजपुरी हे सारे ‘हिंदू’ या एका खणात पडले.

जागा वाटण्यासाठी संख्या हवी, म्हणून १९७२ च्या शिरगणतीत समाज विचारला गेला. निम्म्याहून थोडे अधिक हिंदू, चौथ्या हिश्शाहून अधिक सर्वसाधारण जनता, सुमारे सहावा हिस्सा मुसलमान आणि शंभरात तीन चिनी, असे उत्तर आले. पुढे हा प्रश्न माणसांमाणसांत भिंती उभ्या करतो, असे राज्यकर्त्यांना वाटले व १९८२ साली तो शिरगणतीतून काढून टाकण्यात आला. परंतु आठ जागांची योजना कायम राहिली. परिणाम काय झाला? आजोबांची गणती करून नातवांच्या जागा वाटल्या जाऊ लागल्या. उमेदवारी अर्जावर समाजाचे नाव लिहिलेच पाहिजे, न लिहिल्यास अर्ज बाद, या नियमाविरुद्ध काही नागरिक संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेले. इतक्या जुन्या गणतीच्या आधारावर माणसाला समाज जाहीर करण्याची सक्ती करणे हे न्याय्य नव्हे, असा अभिप्राय समितीने २०१२ साली दिला. त्यानंतर २०१४ च्या निवडणुकीपुरती ही सक्ती शिथिल करण्यात आली.

याची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. लहान समाजांचे पुढारी म्हणतात की, या आठ जागांमुळेच आजवर आम्ही विधिमंडळात दिसलो. त्या काढल्या तर आमचे नावही उरणार नाही. आणि क्रिओल समाजाची खंत तर अधिक खोल आहे. भारतीयाला भारत आहे, चिन्याला चीन आहे, फ्रेंचाला फ्रान्स आहे. ज्याच्या पूर्वजांचे गाव, भाषा आणि नाव ही तिन्ही गुलामांच्या जहाजावरच पुसली गेली, त्याला काय आहे? १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलिसांच्या कोठडीत मरण पावला, तेव्हा ही खंत दंग्याच्या रूपाने रस्त्यावर आली. देश सावरला खरा. परंतु ज्याला खणच मिळाला नाही त्याचे दुःख खण पुसून जात नाही, हे त्या दिवसांनी दाखविले.

भाषेचा हिशेब तर याहून उद्बोधक आहे. नंतरच्या शिरगणतीत त्यांनी भाषेविषयी दोन वेगळे प्रश्न ठेवले. एक, आपल्या पूर्वजांची भाषा कोणती? दोन, आज घरी कोणती भाषा बोलता? पहिल्याचे उत्तर अभिमानाने येते, दुसऱ्याचे खरेपणाने. १९८३ साली बेटावरील जवळजवळ पाचव्या भागाच्या घरी भोजपुरी चाले. २०२२ साली ते प्रमाण शंभरात पाचवर आले. शंभरातील सुमारे नव्वद माणसे आज घरी क्रिओल बोलतात. घरी मराठी बोलणारे शंभरात एकही भरत नाहीत. मराठी तेथील शाळांत पूर्वजांची भाषा म्हणून शिकविली जाते, मंडळे आहेत, नाटके होतात, गणपती थाटाने बसतो. पण आरती संपली की आई मुलाला प्रसादासाठी हाक मारते ती क्रिओलमध्ये. आणखी एक मौज पाहा. तेथील शिरगणतीत ‘मराठी’ हा शब्द धर्माच्या रकान्यातही आढळतो. आपला धर्म कोणता, असे विचारले असता काहीजण हिंदू असे न सांगता मराठी असे सांगतात आणि तसे नोंदले जाते. जिभेवरची भाषा गेली, पण देवघरात तिचे नाव राहिले. उलट जी भाषा सर्वांच्या तोंडी, त्या क्रिओलला प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून प्रवेश मिळाला तो २०१२ साली.

श्रोतेहो, येथवर मी दुसऱ्यांच्या घरची गोष्ट सांगितली. आता स्वतःची सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही.

२००१ साली मी मेळघाटात प्राथमिक शिक्षक होतो आणि इतर शिक्षकांप्रमाणे जनगणनेचे काम माझ्याकडे आले होते. फेब्रुवारीचा महिना. एका पाड्यावर सकाळपासून फिरून संध्याकाळ होत आली होती. घरे कोरकूंची. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील भाषा असून तिची बहीण शोभेल अशी मुंडारी छोटा नागपुरात बोलतात, जेथून मॉरिशसचे पहिले छत्तीस मजूर गेले. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नियम मात्र ठाऊक होता. मातृभाषा म्हणजे बाळपणी आई ज्या भाषेत बोलली ती, आणि माणूस सांगेल तीच लिहावयाची. पहिल्या काही घरांत मी नीट विचारले. पुढे उजेड कमी होऊ लागला. एका घरी म्हातारा माझ्याशी मोडक्या मराठीत बोलत होता. मी मातृभाषेचा प्रश्न विचारलाच नाही. रकान्यात ‘मराठी’ लिहिले आणि पुढील प्रश्नाकडे वळलो. त्यानंतरच्या तीन घरांतही तेच केले. आतून त्याची सून लेकराला निजवीत होती. ती कोणत्या भाषेत बोलते आहे, हे माझ्या कानांना स्पष्ट ऐकू येत होते.

चार घरे म्हणजे वीस-बावीस माणसे. २०११ च्या गणतीत देशभर कोरकू बोलणारे सुमारे सव्वासात लाख भरले. त्यात वीस-बावीस म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. मीही स्वतःची समजूत पुष्कळ वर्षे अशीच घातली. पण मॉरिशसचा हा इतिहास वाचताना पोर्ट लुईच्या गोदीवरचा तो कारकून माझ्या डोळ्यांपुढे आला. घाईत, कानाला लागेल तसे, मजुराचे नाव लिहिणारा. त्याच्या मनात दुष्टावा नसावा. दिवस मावळत असेल, रांग लांब असेल. तरी त्याच्या एका फटकाऱ्याने एका वंशाचे नाव कायमचे बदलले. तो कारकून आणि मी यांत मला फरक दिसेना.

शिरगणती ही नुसती बेरीज नव्हे. कोणत्या भाषेत पाठ्यपुस्तक छापावे, कोणत्या पाड्यावर त्या भाषेचा शिक्षक नेमावा, हे पुढे या आकड्यांवरून ठरते. जो आकड्यात नाही, त्याच्यासाठी पुस्तक नाही. याच्या उलट, एकदा पाडलेला खण पन्नास वर्षे न बदलता वापरला की माणसे खणाची कैदी होतात, हे मॉरिशसने दाखविले. मोजले नाही तर अन्याय झाकला जातो आणि मोजून कुलूप घातले तर अन्याय गोठतो. यातून वाट एकच दिसते. मोजावे, पण माणसाला विचारून मोजावे. आणि पुन्हा पुन्हा मोजावे, म्हणजे बदललेल्या माणसाला आपले बदललेले उत्तर देता येईल.

आपल्या देशात २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही गणनतिथी जाहीर झाली असून १९३१ नंतर प्रथमच तीत सर्वांची जात नोंदली जाणार आहे. तेव्हा माझ्यासारखाच कोणी मास्तर किंवा बाई थकूनभागून तुमच्या दाराशी येईल. त्यांना बसावयास द्या, पाणी द्या, आणि उत्तर देताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. पूर्वज काय होते, आणि आज घरात काय चालते. जे नाते अभिमानाचे आहे ते अभिमानाने सांगा. पण रकाना जे विचारतो त्याचे उत्तर खरे द्या. घरी कामाला येणारी बाई, वाड्याचा रखवालदार, शेतावरचा सालदार यांचे उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांना देऊ द्या. आणि गणना करणारे कोणी ऐकत असतील तर त्यांना माझे इतकेच सांगणे आहे की, अंधार पडू लागला तर घर उद्यासाठी ठेवा, पण प्रश्न गाळू नका.

एका लहानशा बेटावर तीन खंडांची माणसे आली. काही मालक म्हणून आली, काही साखळदंडात आली, काही अंगठा उठवून आली. आज त्यांच्या दिनदर्शिकेत महाशिवरात्र आहे, ईद आहे, चिनी नववर्ष आहे, नाताळ आहे. १ फेब्रुवारी हा गुलामगिरी संपल्याचा आणि २ नोव्हेंबर हा गिरमिटिया उतरल्याचा दिवस, हेही सुट्टीचे दिवस आहेत. कोण कोठून आले हे ते विसरले नाहीत. आपण वऱ्हाडातली माणसेही कधी ना कधी कोठून तरी आलेली आहोत. कोणी घाटावरून, कोणी मारवाडातून, कोणी तांड्याबरोबर, कोणी १९४७ नंतर सिंधमधून. मेळघाटातील कोरकू मात्र आपल्या सर्वांच्या आधीपासून येथे आहे. निदान त्याच्या आईची भाषा तरी त्याच्या नावापुढे बरोबर लिहिली जावी, एवढीच माझी इच्छा आहे.